लाल-काळा नंदी

तान्ह्या पोळ्याला मुलांना घेऊन तुम्हीच जा, असं बायकोने सांगितलं तेव्हाच मला वाटलं की कुठेतरी पाणी मुरतंय. दरवर्षी ती जाते. यंदा नेमका माझा वीकली ऑफ आला आणि नेमकं त्याच दुपारी तिचं डोकं दुखायला लागलं. "तुमी कधी नेता का लेकराईले कुठं? एक दिवस न्या. मले बरं नाही वाटून राहिलं," ती म्हणाली. मी स्कूटर फाटकाबाहेर काढेपर्यंत आतून टीव्हीचा आवाज यायला लागला होता. डोकं दुखणारी माणसं टीव्ही लावत नाहीत, हे तिला परत आल्यावर ऐकवायचं असं मी ठरवलं. परत आलो तेव्हा त्यातलं एक अक्षरही बोलायची माझी हिंमत नव्हती, पण ते पुढे.

माझा स्वभाव आधी सांगून टाकतो, म्हणजे कोणाला वाटायला नको की त्या दिवशीच मला काही झालं होतं. मी पोलादाच्या प्लांटात रेल तपासतो. रूळ थंड होऊन माझ्यापुढे येतो तेव्हा तो चांगला आहे असं मी कधीच धरत नाही. तो खराब आहे असं धरायचं आणि कुठे खराब आहे ते शोधायचं, हे माझं काम. केसाएवढी भेग, जरासा खवला, किंचित बाक. सापडलं की खडूने खूण करायची आणि पुढे सरकायचं. वीस वर्षं हेच करत आल्यामुळे माणसांकडेही मी तसाच बघतो. कोणी फार गोड बोललं की याला माझ्याकडून काय पाहिजे, हाच विचार पहिला येतो. बायको म्हणते, "तुमाले देव भेटला तं तुमी त्याचंबी आधार कार्ड मागान."

तान्हा पोळा म्हणजे लेकरांचा पोळा. मोठ्या बैलांचा सण झाला की दुसऱ्या दिवशी लहान मुलं लाकडाचे, चाकं लावलेले नंदी सजवून आणतात, आंब्याच्या पानांच्या तोरणाखाली रांगेत उभी राहतात. पूजा होते, तोरण तोडतात, मुलांच्या हातावर खाऊ पडतो. आमच्यातले बहुतेक जण भंडारा-गोंदियाकडचे. आजोबांच्या पिढीने शेती सोडली आणि इथे छत्तीसगढात, पोलादाच्या भट्टीवर येऊन नोकरी धरली. बैल गेले, वखर गेलं, शेताचे धुरे गेले. हा लाकडी बैलांचा पोळा तेवढा राहिला आणि तो प्लांटच्या वसाहतीत, सेक्टरमधल्या समाजाच्या भवनात, पंख्याखाली, माइक लावून साजरा होतो.

माझी मुलगी आठ वर्षांची आणि मुलगा चार वर्षांचा. मुलगा स्कूटरवर माझ्यापुढे उभा आणि मुलगी मागे, मांडीवर मातीचा बैल घेऊन. लाकडाचा नंदी इकडे सहज मिळत नाही, नागपूरहून आणावा लागतो, आणि मी आणतो आणतो म्हणत तीन वर्षं काढली होती. म्हणून घराजवळच्या, रिसालीच्या बाजारातून मातीचा घेतला. छत्तीसगढी लोक त्यांच्या पोरा सणाला पूजतात तसला, पिवळ्या रंगाचा. सेक्टरकडे वळताना एका ब्रेकरवर स्कूटर उसळली आणि मागे 'टक' असा आवाज झाला. मी थांबून बघितलं तर बैलाचा पुढचा एक पाय मुलीच्या मुठीत होता आणि बाकीचा बैल मांडीवर.

ती रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं. ती फक्त म्हणाली, "पापा, अपना वाला होता तो नहीं टूटता."

'अपना वाला' म्हणजे तो लाल-काळा नंदी. तिने तो कधी बघितला नव्हता, पण माझ्याकडून इतक्यांदा ऐकला होता की तो घरातल्या कपाटात असावा तशी ती बोलायची.

माझे बाबा प्लांटच्या पॅटर्न शॉपमध्ये होते. लोखंडाचा कुठलाही भाग ओतायचा तर आधी त्याचा हुबेहूब नमुना लाकडात बनवावा लागतो. तो नमुना वाळूत दाबायचा, काढून घ्यायचा आणि उरलेल्या पोकळीत रस ओतायचा. नमुना वाळूतून अलगद निघावा म्हणून त्याची प्रत्येक बाजू जराशी निमुळती ठेवतात. आतला कोपरा कधीच धारदार ठेवत नाहीत, गोल करतात. लोखंड थंड होताना आकसतं, म्हणून नमुना थोडा मोठाच बनवतात, आणि त्यासाठी त्यांची मोजपट्टीच वेगळी असते. तिच्यावरचा इंच बाजारातल्या इंचापेक्षा लांब. ही पट्टी बाबांच्या पेटीत असायची. सातवीत मी भूमितीचा सगळा गृहपाठ त्या पट्टीने केला आणि सगळ्या आकृत्या चुकल्या. गुरुजींनी उभं केलं. घरी येऊन मी थयथयाट केला तर बाबा हसून म्हणाले, "पट्टी खोटी नाही रे. थे आकसणाऱ्या मालासाठी हाय." मला काही हसू आलं नाही. मोजलेल्या गोष्टीवरही भरवसा ठेवू नये, एवढं मी त्या दिवशी शिकलो.

मी पाच वर्षांचा असताना बाबांनी मला नंदी बनवून दिला. सुताराने बनवला असता तर तो बैलासारखा झाला असता. बाबांचा झाला यंत्राच्या सुट्या भागासारखा. पाय खाली निमुळते, पोट आणि पाय जुळतात तिथे गुळगुळीत गोलाई, अंगाला पॅटर्नला लावतात तोच लाल रंग आणि खुरांना, शिंगांना काळा. डोकं वेगळं बनवून खुंटीने मानेत बसवलेलं. डावीकडे पाव फेरा दिला की ते हातात यायचं. ही गोष्ट फक्त मला आणि बाबांना माहीत होती. डोक्याखालच्या त्या सपाट चकतीवर मी निळ्या पेन्सिलीने सूर्य काढला होता. वर डोकं बसवलं की तो सूर्य कोणालाच दिसायचा नाही.

बाबा रिटायर झाले, आम्ही क्वार्टर सोडून रिसालीत घर बांधलं. सामान लावताना आईने विचारलं, नंदी कुठे आहे? बाबा म्हणाले, "राह्यला असंन कुठं." पण मी तेव्हाच ओळखलं होतं. सामान चढवायला शेजारचे चार लोक आले होते. त्यांच्यापैकी कोणीतरी तो उचलला. कोणी ते मला कळलं नाही, पण उचलला हे नक्की. बाबा जाऊन आता सहा वर्षं झाली. त्यांच्या हातची एकही वस्तू आमच्याकडे नाही. म्हणून तो नंदी चोरीला गेला, हे मी मुलांना गोष्टीसारखं सांगत आलो होतो.

भवनात शिरलो तेव्हा माइकवरचा गृहस्थ "हॅलो, चेक" करत होता. त्याने माझ्याकडे बघून हात हलवला. मी परीक्षकांची टेबलं बघितली. तीन परीक्षक, आणि त्यातल्या दोघांची नातवंडं रांगेत. बक्षीस कोणाला जाणार हे मला तिथेच कळलं. नावनोंदणी करणाऱ्या बाईंनी आमच्या बैलाकडे बघून "अरे वा, मातीचा!" म्हटलं, त्यातला सूरही मला आवडला नाही. एका वहिनींनी दिलेल्या मेणाने मी बैलाचा पाय चिकटवला. तो दोन मिनिटं टिकला. शेवटी मुलीने बैल तीन पायांवर भिंतीला टेकवून उभा केला आणि स्वतः त्याच्यापुढे उभी राहिली, म्हणजे कोणाला पाय दिसू नये.

मी मुलाला कडेवर घेऊन रांगेवरून नजर फिरवत होतो. कोणाचा नंदी नागपुरी, कोणाचा ऑनलाइन मागवलेला, प्लॅस्टिकच्या फुलांनी मढवलेला. आणि आमच्या मुलीपासून सहाव्या जागी मला तो दिसला.

लाल अंग. काळी शिंगं. पाठीवर गुलाबी झूल, गळ्यात घुंगरू, पण मला सजावट दिसतच नव्हती. मला पाय दिसत होते. निमुळते. आणि पोट जिथे पायाला मिळतं तिथली गोलाई. असं काम बाजारात होत नाही.

नंदीची दोरी सहा-सात वर्षांच्या एका मुलीच्या हातात होती. दोन वेण्या, डोक्याला फेटा. तिच्या मागे खुर्चीवर एक म्हातारे गृहस्थ बसले होते, पांढरा सदरा आणि काठी. मी त्यांना लगेच ओळखलं. आमच्या क्वार्टरच्या बाजूचे काका, बाबांबरोबर पॅटर्न शॉपमध्ये असलेले. आणि सामान चढवायला आलेल्या चौघांपैकी एक.

म्हणजे हे होते तर.

माझी मुलगी माझ्याकडे बघत होती. माझी नजर कुठे खिळली आहे हे पोरांना बरोबर समजतं. तिने तिकडे बघितलं, मग पुन्हा माझ्याकडे. "पापा, वो लाल-काला..." मी तिच्याजवळ वाकलो आणि म्हणालो, "हो. थो आपलाच हाय."

"जो चोरी हुआ था?"

"हो."

"मग आपण घेऊन जाऊ?"

मी काय उत्तर दिलं ते मला आजही नीट आठवतं, आणि न आठवतं तर बरं झालं असतं. मी म्हणालो, "आपली वस्तू हाय, आपल्या घरी येईनच." म्हणताना माझं लक्ष तिच्याकडे नव्हतंच. ते नंदीच्या मानेकडे होतं.

पुढचा अर्धा तास मी एखाद्या खबऱ्यासारखा त्या नंदीभोवती घिरट्या घालत होतो. पाणी प्यायला म्हणून गेलो, तिथून बघितलं. फोटो काढतोय असं दाखवून मोबाइलमध्ये तो मोठा करून बघितला. काका एकदा माझ्याकडे बघून हसले, तर मला वाटलं, घाबरलेत. मग त्यांनी नातीला जवळ घेतलं, तर वाटलं, नंदी लपवताहेत. माइकवर कोणीतरी झडती, म्हणजे पोळ्याला बैलांपुढे म्हणायचं गाणं, म्हणायला लागलं आणि दोन ओळींतच अडकलं, सगळे हसले. मी हसलो नाही. इतक्यात पूजा झाली, तोरण तुटलं आणि सगळी पोरं खाऊच्या टेबलाकडे पळाली. काकांची नातही पळाली. नंदी तसाच जमिनीवर राहिला. काका काठी शोधत होते.

मी मुलाला खाली ठेवलं, चार पावलांत तिथे गेलो, खाली बसलो आणि नंदीचं डोकं धरून डावीकडे पाव फेरा दिला.

डोकं हातात आलं. आत निळा सूर्य होता. फिका, पण सगळ्या किरणांसकट.

"दादाजी! अंकल ने मेरा बैल तोड़ दिया!" नात पुरीचा तुकडा हातात धरून किंचाळली. अख्ख्या भवनाने वळून बघितलं. एका हातात बैलाचं मुंडकं धरून मी तिथे उकिडवा बसलेला. माइकवाल्याने "शांतता राखा, शांतता राखा" सुरू केलं.

काका मात्र शांत होते. "तुटला नाही बाई, तुटला नाही," ते नातीला म्हणाले. मग माझ्याकडे बघून, "बसव बाबू परत. तुले तं मालूम हाय कसा बसते थो." मी डोकं बसवलं. नात नंदी छातीशी धरून तिच्या आईकडे पळाली. काका काठी टेकत उठले आणि म्हणाले, "चाल, बाहेर पायरीवर बसू. आत लई आवाज होऊन राहिला."

बाहेर पायरीवर बसल्या बसल्या मी विचारलं, "हा नंदी तुमच्याकडं कसा आला जी, काका?" जी लावला होता, पण माझा आवाज काही जी लावण्याचा नव्हता. मनात मी पुढची सगळी वाक्यं तयार करून ठेवली होती.

"तुह्या बापानं देल्ला," ते म्हणाले.

"क्वार्टर सोडताना?"

"नाही गा. त्याच्या लई पहिले. तू असशीन बारा-तेरा वर्षांचा." त्यांनी काठी मांडीवर आडवी ठेवली. "दरवर्षी तान्ह्या पोळ्याले थो नंदीले नवा रंग मारे. त्या वर्षी रंग मारून, सायकलच्या कॅरिअरले बांधून, तुले घ्याले ग्राउंडवर गेला. तू दोस्ताईसंग क्रिकेट खेळून राहिला होता. मंग परत आला थो एकटाच. माह्या दारात उभा राह्यला अन् म्हणे, 'माह्या पोराले नको हाय. तुह्या पोराले दे.' मी म्हटलं, 'कावून गा, काय झालं?' तं म्हणे, 'मोठा झाला आता.' एवढंच. अजून काई नाही बोलला."

विसरलो होतो असं म्हणणं सोपं आहे. पण काकांनी 'ग्राउंड' म्हटलं आणि मला सगळं दिसलं. बाबांच्या पायजम्याला लावलेली सायकलची क्लिप. कॅरिअरवर सुतळीने बांधलेला ओला, चकाकणारा नंदी. माझे मित्र, सगळे हिंदी बोलणारे, त्यातला एक हसून म्हणाला होता, "अबे, तेरा बाप खिलौना लाया है." आणि मी बॅट न सोडता, बाबांच्या अंगावर ओरडलो होतो. हिंदीत. घरात मी बाबांशी कधी हिंदी बोलायचो नाही. त्या दिवशी बोललो. "फेंक दो इसको कहीं। मुझे नहीं चाहिए।" आणि वळून पुढचा बॉल खेळलो होतो.

"तवापासून माह्याकडं हाय," काका सांगत होते. "माह्या पोरानं खेळला, आता नात खेळते, पोळ्यात यंदाच आणला तिनं. रंग मी बदलला नाही हां. थोच लाल, थोच काळा. तुह्या बापाच्या कामाले दुसरा रंग कसा मारू?" मग त्यांनी माझ्याकडे निरखून बघितलं. "तुले काय वाटलं होतं?"

"काही नाही," मी म्हणालो.

काय वाटलं होतं हे त्यांना कळलं असणार. पॅटर्न शॉपमध्ये आयुष्य काढलेल्या माणसाला आतली पोकळी बाहेरून कळते. पण ते पाठीवर हात ठेवून नातीला बघायला आत गेले. मला प्रचंड लाज वाटली. तिथे थांबणं मला शक्यच नव्हतं. आत जाऊन मी मुलाला उचललं, मुलीला हाक मारली. पहिलं बक्षीस परीक्षकांच्या नातवाला गेलंच नाही, नावनोंदणीवाल्या बाईंच्या बाजूला उभ्या असलेल्या एका अनोळखी पोराला गेलं, हे मी जाता जाता ऐकलं. म्हणजे तिथेही माझा अंदाज चुकला होता. मुलगी मुकाट्याने आली, पाठीला तिची दप्तराएवढी पिशवी, ज्यात आम्ही पाण्याची बाटली आणि मुलाचे कपडे आणले होते. ती पिशवी पोटाशी धरून स्कूटरवर बसली.

दोन चौक गेलो असू. पाठीला काहीतरी टोचत होतं. "पिशवी बाजूला घे न गं, टोचून राहिली," मी म्हणालो.

"सींग है," ती म्हणाली.

मी स्कूटर कडेला घेतली. तिने पिशवीची चेन उघडली. मुलाच्या पिवळ्या टी-शर्टमध्ये गुंडाळलेला नंदी. लाल पाठ, काळी शिंगं. झूल आणि घुंगरू तिने काढून तिथेच ठेवले होते, कारण ते आपलं नव्हतं. "आप बाहर उस चोर से बात कर रहे थे ना, वो बैल रखकर फिर खाऊ लेने गई, तब मैंने ले लिया," ती म्हणाली. तिचा चेहरा असा फुलला होता, जसा वर्गात पहिली आल्यावर फुलतो. "किसी ने नहीं देखा, पापा."

मी तिच्यावर ओरडणार होतो. ओरडायचं कोणावर? आठ वर्षांच्या लेकराला चोर कसा असतो ते मीच शिकवलं होतं आणि त्याच्याकडून वस्तू कशी परत आणायची तेही, एका वाक्यात, तिच्याकडे न बघता. मुलगा पुढून विचारत होता, "पापा, घर आ गया?"

"नाही," मी म्हणालो आणि स्कूटर वळवली.

भवनाच्या फाटकात तंबू-खुर्च्यावाल्याचा टेम्पो उभा होता. खुर्च्या रस्त्यावर उतरवलेल्या आणि आमच्या समाजाची तीन माणसं टेम्पोच्या आत चढून गाद्या उलथून बघत होती. तंबूवाला, पन्नाशीचा छत्तीसगढी माणूस, हात जोडून म्हणत होता, "मैं का करहूं साहब बइला ला? देख लव, सब देख लव।" माइकवाला त्याला दरडावत होता, "बाहर का आदमी तू ही था अंदर." पायरीवर काकांची नात हुंदके देत होती. तिच्या मांडीवर झूल आणि घुंगरू.

बाहेरचा माणूस दिसला की त्याच्यावर संशय. मीही त्या गर्दीत असतो तर गाद्या उलथायला सगळ्यांत पुढे असतो, हे मला ठाऊक आहे.

मी पिशवीतून नंदी काढला आणि मोठ्याने म्हणालो, "हा माह्याकडं हाय. मी नेला होता."

सगळे थांबले. नात धावत आली आणि तिने नंदी माझ्या हातातून ओढून घेतला. तेवढ्यात माझी मुलगी स्कूटरवरून उतरली आणि माझ्याहीपेक्षा मोठ्याने म्हणाली, "नाही! मैंने लिया. ये हमारा है. पापांनी सांगतलं, या दादाजींनी चोरी केला."

इतकी वर्षं मी कोणाचं नाव न घेता करत आलेला आरोप, आता बोट दाखवून, ज्याच्यावर केला त्याच्या तोंडावर, माझ्या मुलीच्या आवाजात झाला होता. मी काकांकडे बघू शकलो नाही. मी त्यांच्या काठीकडे बघत होतो. ती काठी हळूहळू पुढे आली आणि मुलीसमोर थांबली.

"हो बाई," काका तिला म्हणाले, "चूक माहीच हाय. तुह्या आबाजीले सांगून नेला होता मी, पण तुह्या पप्पाले सांगाचं राहून गेलं. मंग त्याले वाटनच न, चोरला म्हणून. चूक माही." मग त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "चला, सापडला न नंदी? त्या टेम्पोवाल्याचं सामान चढवून द्या आता. अन् माफी मांगा त्याची."

माणसं मुकाट्याने खुर्च्या उचलू लागली. मीही उचलल्या. तंबूवाल्याला मी हात जोडले, त्याने माझ्याकडे बघितलंही नाही, आणि त्याचं बरोबरच होतं. जाताना काकांना वाकून नमस्कार केला. ते एवढंच म्हणाले, "येत जाय घरी. लेकराईले घेऊन येत जाय, खेळतीन दोघी."

परत रिसालीच्या रस्त्याला लागलो. मुलगा माझ्या हातावर डोकं टेकून पेंगत होता. खरं सांगतो, काकांनी तो दोष स्वतःवर घेतला तेव्हा मला हायसं वाटलं होतं. प्रकरण मिटलं होतं. माझी मुलगी चोर नव्हती, मी खोटारडा नव्हतो, फक्त एका म्हाताऱ्याकडून काही सांगायचं राहून गेलं होतं. बाबांनीही असंच केलं होतं. आईने विचारलं तेव्हा "राह्यला असंन कुठं" एवढंच म्हणाले आणि माझं बोलणं पोटात घालून गेले.

"पापा," मुलगी मागून म्हणाली, "उन्होंने मान लिया ना? मतलब हम सही थे."

रस्त्याच्या कडेला रसाचं दुकान बंद होतं, त्याच्या बाकाजवळ मी स्कूटर उभी केली. मुलाला मांडीवर घेतलं, तिला समोर बसवलं. "नाही," मी म्हणालो. "त्या दादाजींनी काई नाही केलं. थे आपल्यासाठी खोटं बोलले. थो नंदी मी फेकाले लावला होता." आणि मग ग्राउंड, सायकल, मित्र, बॅट, सगळं सांगितलं. हिंदीतलं ते वाक्यही सांगितलं, जसंच्या तसं.

ती पिशवीची चेन उघडत होती, लावत होती. मग तिने विचारलं, "अपने आबाजी को बुरा लगा था?"

मी आठवायला लागलो. सायकलची क्लिप आठवत होती. सुतळीची गाठ आठवत होती. ओल्या रंगाचा वाससुद्धा आठवत होता. बाबांचा चेहरा येत नव्हता.

"मालूम नाही बेटा," मी म्हणालो. "मी पाह्यलंच नाही त्याइच्याकडं."